अल्लाउद्दीनने रविवारी ब्रेक बदलले

वलवण गावातून धरणाकडे जाताना डाव्या हाताला एक बोळ चढत जातो. त्या बोळातलं शेवटचं घर अल्लाउद्दीन मुलाणीचं. अंगण उतरतं, कोपऱ्यात शेवग्याचं झाड आणि दारात पांढरी जुनी गाडी, तोंड कायम रस्त्याकडे केलेली. रोज परतल्यावर कितीही अंग मोडून आलेलं असो, तो गाडी उलटी घालूनच लावायचा. वेळ आली तर नुसती किल्ली फिरवायची आणि निघायचं. ही त्याची ड्रायव्हरकीतली जुनी खोड होती. बायकोचं, नूरचं, डायलिसिस सुरू झाल्यापासून तर तो घरचा नियमच होऊन बसला.

उमेदीची वर्षं त्याने लोणावळा स्टेशनबाहेर टुरिस्ट गाडी चालवण्यात घालवली. मुंबईहून आलेल्या माणसांना पॉइंट दाखवायचे, धुक्यात दिवे लावून हळूहळू घाट उतरायचा, कुणाला गाडी लागली तर थांबून पाणी द्यायचं. पुढे एका बंगल्याच्या शेठने त्याला पगारावर ठेवून घेतलं. अल्लाउद्दीनच्या गाडीत बसलं की हातातला चहासुद्धा हिंदकळत नाही, असं शेठ पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकून तो नुसता मान खाली घालून हसायचा, पण ते वाक्य त्याने मनात जपून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. नवी पोरं गाडी शिकायला त्याच्याकडे यायची. तोही त्यांना आधी ब्रेक शिकवायचा, मग गियर.

नूर टाकवे बुद्रुकची. बोलायला ठसकेबाज, हात कामाला सतत लागलेला. साखरेच्या आजाराने तिच्या किडन्या हळूहळू खाल्ल्या आणि एके दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की आता आठवड्यातून तीनदा मशीनवर यावं लागेल. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमाटण्याच्या हॉस्पिटलात. मुलगा तौसिफ ओमानला कामाला होता. तो दर जुम्म्याला, शुक्रवारच्या सुट्टीत, व्हिडिओवर दिसायचा, रडवेला व्हायचा, आणि त्यालाच ही दोघं धीर द्यायची.

तेव्हापासून अल्लाउद्दीनचा दिवस पहाटे सुरू व्हायचा आणि संपायचाच नाही. नूरची भाजी आधी उकळून तिचं पाणी ओतून द्यायचं, मग पुन्हा शिजवायची. मीठ नावाला. पाणी तिला मोजकंच. ती घोट घोट पुरवून प्यायची, म्हणून तो तिच्यासमोर पाणी प्यायचाच नाही. तहान लागली की घरामागच्या नळावर जायचा आणि ओंजळीने पिऊन तोंड पुसून आत यायचा. नूरला हे कळत होतं. ती बोलत नव्हती.

थकलोय असं तो कुणाला म्हणाला नाही. पण मागच्याच आठवड्यात मशिदीत सजद्यात कपाळ जमिनीला टेकलं आणि तिथंच त्याचा डोळा लागला. शेजारच्या माणसाने नमाज संपवून सलाम फेरल्यावर पाठीवर हात ठेवला तेव्हा तो दचकून उठला. शरमेनं कुणाकडे न बघता चपला घालून निघून आला.

शेजारी हौशीराम राहायचा. त्याची आणि अल्लाउद्दीनची कुंपणाची भिंत एकच. हौशीराम कंपनीची बस चालवून रिटायर झालेला गडी, आता दिवसभर बनियनवर ओट्यावर बसून असायचा. तो कितीदा म्हणाला होता, "भाऊ, एखादा दिस मी नेतो वैनीस्नी. मला तरी कुटं काय काम हाय?" अल्लाउद्दीनचं उत्तर ठरलेलं होतं, "बघू पुढं."

शुक्रवारी संध्याकाळी सोमाटण्याहून परतताना लोणावळ्यात नेहमीची रांग लागली होती. शनिवार-रविवारची माणसं आदल्या संध्याकाळीच यायला लागतात. एक गाडी पुढे सरकली की ब्रेक, पुन्हा सरकली की ब्रेक. आणि त्या ब्रेकमधून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्र आवाज यायला लागला.

नूर डोळे मिटून मागे रेलली होती. तिने तसंच विचारलं, "कसला आवाज येतोय ओ?"

"पुढचे ब्रेक पॅड संपलेत."

"मग बदला की."

"बदलतो."

पॅड त्याने आणूनसुद्धा ठेवले होते. डिकीत पडून होते कितीतरी दिवस. ब्रेक नुसते किंचाळत होते तेव्हाच बदलायला हवे होते, पण रोज आज नको, उद्या बघू, असं करता करता वेळ इथवर आली होती. नाक्यावरच्या गॅरेजवाल्या प्रितमला फोन लावला तर तो मेहुण्याच्या लग्नाला गेलेला. "मंगळवारी या काका, अर्ध्या तासात करून देतो," म्हणाला. मंगळवार कसा चालेल? सोमवारी सोमाटण्याला जायचं होतं. कामशेतची खिंड अशा ब्रेकवर उतरायची त्याची छाती नव्हती. शनिवार नूरच्या उलट्यांत गेला. मग उरला रविवार.

रविवारी दुपारचं जेवण उरकल्यावर त्याने डिकीतून जॅक आणि पाने काढले. नूरला घरात करमेना. तिने शेवग्याच्या सावलीत प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली आणि डोक्यावर ओढणी घेऊन बसली.

"आदी जरा पाठ टेका की," ती म्हणाली. "डोळे बघा कसे झालेत, तांबडेलाल."

"हे झालं की टेकतो."

मागच्या चाकांना त्याने दगड लावले. पुढच्या चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले, मग जॅक लावून गाडी उचलली. चाक काढून ते त्याने गाडीच्या पोटाखाली सरकवलं. जॅक सटकलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. हे सगळं हातांना पाठ होतं. डोकं भलतीकडेच होतं. उद्या किती वाजता निघायचं, नूरच्या सुयांच्या हाताची पट्टी संपत आलीय, तांदूळ भिजवायचेत.

चाक निघालं तशी चकचकीत डिस्क दिसली आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा लोखंडी जबडा, कॅलिपर. त्याच्या खालच्या बोल्टला पाना लावला, पण बोल्ट काही हलेना. पावसाळ्याच्या गंजाने धरून बसलेला. अल्लाउद्दीनने गंजावर तेल सोडलं आणि जमिनीवर फतकल मारून वाट बघत बसला. बसल्या बसल्या त्याची मान एकदा पुढे कलंडली.

"ओ!" नूरने हाक मारली.

"जागा आहे मी."

"दिसतंय की." ती हसली. मग तिला काही आठवलं. "आमच्या आबांच्या बैलगाडीला उतारावर चाकाला लाकूड दाबायचे. मी लहान व्हते तवा मागं लोंबकळायचे नि आबा वरडायचे. ते लाकूड झिजलं की आबा बाभळीचं दुसरं तासायचे, दारातच बसून. तुमच्यावानीच."

"मग हे तेच आहे. लाकडाच्या जागी पॅड."

"पर आबा दुपारी झोपायचे."

त्याने पान्यावर दोन्ही हातांनी भार दिला, तेव्हा बोल्ट कुरकुरत सुटला. कॅलिपर वर उचलून त्याने तो तारेने बांधून ठेवला, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या नळीवर येतं. जुने पॅड बाहेर आले. आतल्या पॅडवर घासायचा मसाला उरलाच नव्हता, पत्रा उघडा पडलेला. डिस्कवर बोट फिरवलं तर बारीक चरे लागले. त्याने पॅड नूरकडे वर करून दाखवला.

"यावर आपण लोणावळ्याच्या गर्दीतनं आलो?" ती म्हणाली.

"आलो."

"अल्लाची मेहेर."

नवे पॅड जाड असतात, म्हणून कॅलिपरमधला पिस्टन आत ढकलावा लागतो. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलचं झाकण सैल केलं आणि सुताराचा शिकंजा लावून पिस्टन सावकाश आत दाबला. पिना पुसून ग्रीस लावलं, नवे पॅड बसवले, बोल्ट आवळले, चाक चढवलं. मग दुसरी बाजू. दुसऱ्या बाजूचा बोल्ट शहाण्यासारखा सुटला, पण तोवर त्याच्या मनगटातला जोर सरला होता. पाना दोनदा हातातून गळाला. नूर मध्ये काहीतरी म्हणाली, त्याने हूं केलं. काय म्हणाली ते त्याच्या कानावरून गेलं.

दुसरं चाक चढलं, जॅक उतरला, नट आवळून झाले. बॉनेट पाडलं. त्याने मागच्या चाकांचे दगड काढले, फडक्याला हात पुसले आणि गाडीत बसला. बोळातून खाली धरणाच्या रस्त्यापर्यंत एक चक्कर मारून ब्रेक बघायचे आणि मग झोपायचं. झोपायचं, एवढंच डोक्यात होतं.

त्याने गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला. अंगणाच्या उतारावर गाडी आपसूक पुढे निघाली. अंगणातून बोळात वळताना शेवग्यापाशी गाडी जवळजवळ थांबवून उजवीकडे कापावी लागते. त्याने ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली गेला. पार तळापर्यंत गेला, पोकळीत जावा तसा.

गाडी वळलीच नाही. ती सरळ गेली. शेवग्याखालची खुर्ची बंपरखाली येऊन कडकड मोडली आणि गाडी तिला रेटत शेवग्यापलीकडे पडलेल्या हौशीरामच्या बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घुसून थांबली. तेव्हा कुठे अल्लाउद्दीनने हँडब्रेक ओढला.

काचेतून त्याला खुर्चीचा एक पाय दिसत होता, वर आलेला. बाकी काही दिसत नव्हतं. दार उघडून खाली उतरायला हवं होतं, पण हँडब्रेकवरची मूठ सुटेना. किती वेळ गेला कोण जाणे.

"काय झालं ओ?"

आवाज मागून, दारातून आला. नूर चौकटीला धरून उभी होती, एका हातात चहाचा कप. चहा करायला आत गेली होती ती. मघाशी तेच सांगून गेली होती.

भिंतीपलीकडून हौशीराम धावत आला. त्याने खुर्ची पाहिली, नूरला पाहिलं, आणि मग काही न विचारता गाडीचं दार उघडून अल्लाउद्दीनची बोटं एकेक करून हँडब्रेकवरून सोडवली. त्याला दंडाला धरून त्याच्याच ओट्यावर नेऊन बसवलं. मग स्वतः गाडीत बसला आणि ब्रेक दाबून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा.

"भरलं की पेडल," तो म्हणाला. "कडक लागतंय आता. भाऊ, काम बेस केलंय तुमी. निसता पंप मारायचा ऱ्हायला."

बस्, एवढंच होतं. पिस्टन आत ढकलला की तो आणि पॅड यांत जागा राहते, आणि ती भरेपर्यंत ब्रेक पोकळ लागतो. म्हणून गाडी हलवायच्या आधी जागच्या जागी पेडल दाबून घ्यायचं असतं. शिकाऊ पोरालाही हे माहीत असतं. अल्लाउद्दीनने स्वतः कितीकांना हे बजावलं होतं.

हौशीराम गाडी वाळूतून मागे घेत होता. बंपरला एक चीर गेली होती. नूर हळूहळू येऊन नवऱ्याशेजारी ओट्यावर बसली आणि चहा त्याच्या हातात दिला. त्याने कप तसाच बाजूला ठेवला.

"मी बघितलंच नाही," तो म्हणाला. "नूर, खुर्चीत कोण आहे की नाही, ते मी बघितलंच नाही."

"मी न्हवते तितं."

"असतीस तर?"

"न्हवते म्हंते ना. जे झालं न्हाई त्याचा इचार कशाला?"

पण त्याचा विचार तिथेच अडकला होता. पंप मारायला विसरलो हे एक वेळ चालेल, यंत्र आहे, माणूस विसरतो. पण गाडी हलवण्याआधी पुढे बघायचं, हे तर त्याच्या रक्तात होतं. तेच गेलं होतं. कुठे गेलं, कधी गेलं, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले. हातांना ब्रेक ऑइलचा वास येत होता. खांदे हलू लागले तसा नूरने आपला उजवा हात, सुया न टोचलेला, त्याच्या पाठीवर ठेवला. हौशीराम वाळूचा ढीग फावड्याने सारखा करण्यात उगाच गुंतला.

त्याचे खांदे थांबले तेव्हा नूर म्हणाली, "उद्या हौशीरामभाऊ गाडी काढतील."

"मी नेतो. आता पेडल भरलंय."

"पेडल भरलं. तुमचं काय?"

त्याने तळव्यावरचा काळा डाग अंगठ्याने खरवडला.

"तुमी माझ्यासंगं मागं बसायचं."

"नूर, मला दुसरं काय येतं?" तो एकदम म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण फाटला होता. "भाजी करपते माझ्या हातनं. तुझी पट्टी धड बांधता येत नाही, सिस्टर दर वेळी हसते. तुला सुया टोचतात तेव्हा मी दुसरीकडे बघतो. तुला नेणं-आणणं तेवढं मला नीट येतं. तेही दुसऱ्यानं करायचं तर मी कशाला आहे?"

नूर त्याच्याकडे वळली.

"भाजी करपती व्हय, ते खरंय," ती म्हणाली. "खाते ना मी. कधी बोल्ले का? आन् गाडी तुमाला येती, म्हणून तर सांगते. ज्याला येत न्हाई तो चुकला तर चुकला. तुमी चुकला, म्हंजी किती दमलाय ते बघा जरा." मग आवाज उतरवून म्हणाली, "घरामागं जाऊन पानी पिता. मला काय कळत न्हाई व्हय? हितं प्या माझ्यासमोर. मला तरास होत न्हाई. तुमी लपून प्यालात की होतो."

अल्लाउद्दीन उठला, आत गेला आणि माठातलं पाणी तांब्याने घेऊन बाहेर आला. तिच्याशेजारी बसून प्यायला. घोट घशातून उतरताना मोठा आवाज झाला आणि दोघांनाही तो ऐकू आला.

संध्याकाळी हौशीरामने गाडी काढली. अल्लाउद्दीन शेजारच्या सीटवर बसला. धरणाच्या रस्त्यावर रहदारी नव्हती. हौशीराम गाडी थोडी पळवायचा आणि अलगद ब्रेक मारायचा, पुन्हा पळवायचा आणि पुन्हा ब्रेक मारायचा. नवे पॅड डिस्कवर असेच हळूहळू बसवावे लागतात. आवाज गेला होता. गाडी सरळ थांबत होती, कुठल्या बाजूला ओढत नव्हती.

"भाऊ," हौशीराम म्हणाला, "मला घरी बसून येड लागायची पाळी आलीय. उपकार मानू नका. मला गाडीचं चाक हातात पायजे, बास."

"बुधवारी मी चालवीन," अल्लाउद्दीन म्हणाला.

"चालवा की. सोमवार नि शुक्रवार माझा."

सोमवारी सकाळी अल्लाउद्दीन आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत मागे बसला. कुठे पाय ठेवावेत ते कळेना. समोरची सीट जवळ, खिडकी वेगळ्या जागी, आरसा त्याच्यासाठी नाहीच. कार्ल्याच्या फाट्यापाशी एक टेम्पो आडवा आला तेव्हा त्याचा उजवा पाय गाडीच्या तळावर जोरात दाबला गेला. कामशेतच्या खिंडीत उतार लागला तेव्हा पुन्हा. हौशीराम बस चालवणाऱ्या माणसासारखा चालवायचा, रुंद वळणं घेऊन, लांबूनच वेग कमी करत. ब्रेक धरत होते.

"पाय काढा," नूर पुटपुटली आणि तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तितं काय न्हाई दाबायला."

त्याने पाय मागे घेतला. खिंड संपून सपाटी लागली एवढं त्याला आठवत होतं. वडगाव कधी मागे पडलं ते त्याला कळलं नाही.

जाग आली तेव्हा गाडी हॉस्पिटलच्या आवारात उभी होती. मान अवघडलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली. शेजारची जागा रिकामी होती. तो धडपडून बाहेर आला.

"वैनी गेल्या आत," बाहेर टेकून उभा असलेला हौशीराम म्हणाला. "सिस्टर व्हीलचेअर घिऊन आली व्हती. वैनी म्हनल्या, उठवू नगा."

अल्लाउद्दीनला वाईट वाटलं. आजवर तिला आत त्यानेच नेलं होतं, एकदाही चुकवलं नव्हतं. आणि त्याच वेळी, त्याला स्वतःचीच लाज वाटावी इतकं, बरंही वाटलं. तो तोंड धुऊन वर गेला. नूर पलंगावर होती. नळ्या जोडून झाल्या होत्या, मशीन फिरत होतं. सुया टोचून झाल्या होत्या आणि आज त्याला दुसरीकडे बघावं लागलं नव्हतं.

"झोप झाली?" तिने विचारलं.

"झाली थोडी."

"मशीन लय येळ चालायचंय अजून," ती म्हणाली आणि पाय जरा बाजूला घेऊन तिने पलंगाच्या कडेला जागा केली. त्याने स्टूल पुढे ओढलं, हातांची घडी तिच्या पायांशी ठेवली आणि त्यावर डोकं टेकवलं.